‘बाटणे’ या शब्दाविषयी

धर्मांतराला मराठीत एक घरगुती शब्द आहे: बाटणे. अमका बाटला, तमक्याचे घर बाटले. धर्म बदलणे ही श्रद्धेची वा विचाराची घटना नसून विटाळाची घटना आहे, असा निवाडा या शब्दाने आधीच देऊन टाकलेला असतो. तो कोणाच्या तोंडून आला असेल हे शोधण्यास फार संशोधन नको. ज्याच्याजवळ जपण्यासारखे सोवळे होते, त्याचा हा शब्द आहे. ज्याची सावलीदेखील विटाळ मानली जात होती, त्या महार-मांगाला बाटण्यासाठी उरले तरी काय होते? असे असूनही महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट समाजाचा इतिहास आपण सोवळ्याच्या बाजूनेच वाचत आलो आहोत.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईस उतरले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे केले आणि तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघू लागले. पुढे त्या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून जे लोक मंडळीत आले, ते बहुसंख्येने अस्पृश्य जातींतले होते. आमच्या वाङ्मयेतिहासाला मात्र बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई एवढीच नावे पुरतात, आणि त्यांचाही स्वीकार अटी घालूनच होतो. १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’ला पहिल्या कादंबरीचा मान द्यायचा आणि त्याच वाक्यात तिला प्रचारकी म्हणून मोकळे व्हायचे. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणायचे, म्हणजे त्यांच्या अभंगांतील आणि ‘ख्रिस्तायना’तील ख्रिस्ताकडे पाहण्याचे कारण उरत नाही. ‘स्मृतिचित्रां’तील विनोदाचे कौतुक करायचे, परंतु पतीच्या बाप्तिस्म्यानंतर दुरावलेली, सोवळे पाळणारी एक स्त्री स्वतःच विचार करत जातिभेदाच्या बाहेर कशी आली, हा त्या ग्रंथाचा कणा दुर्लक्षित ठेवायचा. श्रद्धा वगळून लेखक पत्करण्याची ही रीत उदारपणाची नव्हे. तुकारामाच्या अभंगांतून विठ्ठल वजा करून उरलेल्या शब्दांचे कोणी कौतुक करू लागला, तर ते आपण ऐकून घेऊ काय?

प्रॉटेस्टंट पंथाचे मूळ सूत्र असे, की श्रद्धावंताने आपल्या भाषेत शास्त्र वाचावे आणि त्याचा निर्णय स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीने करावा. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ मध्ये ‘नवा करार’ मराठीत आणला, तो या सूत्रापोटीच. ज्या समाजात शास्त्र वाचण्याचा अधिकार जन्मावर ठरत होता, तेथे या सूत्राचा अर्थ केवळ धार्मिक राहणे शक्यच नव्हते. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगोलग तेथील आपल्या गुरुस्थानी असलेल्यांशीच मतभेद मांडले. आपण ख्रिस्त स्वीकारला आहे, कोणा पाद्र्याचा हुकूम स्वीकारलेला नाही, ही त्यांची भूमिका होती. अखेरची वर्षे त्यांनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी वेचली. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते प्रकाशित झाले. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. ही माणसे परकीयांची बाहुली होती, असे म्हणणाऱ्यांनी एवढ्या दोन चरित्रांचा तरी निकाल लावावा.

‘पोटासाठी बाटले’ हा दुसरा नेहमीचा आक्षेप. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर मंडळीत येणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरे आहे. परंतु उपाशी माणसाची श्रद्धा तेवढी तपासून घ्यायची आणि पोटभर जेवलेल्याची विनाचौकशी खरी मानायची, हा न्याय कोणता? ज्याला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याला भाकरीबरोबर पाटी मिळाली आणि नावाने हाक मारणारा कोणी भेटला. भाकर, अक्षर आणि मान यांची फारकत करण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती.

येथवरचे बोलणे ख्रिस्ती वाचकास गोड वाटले असेल. आता कडू भाग. ज्या मंडळीने वाचण्याचा हक्क दिला, तिने त्या हक्काचा पुरता अर्थ स्वतःच्या घरात लावला नाही. प्रभुभोजनाची मेज एक झाली, तरी सोयरीक जुळवताना जुनी जात विचारली जात राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीविषयी लिहिताना नेमके येथेच बोट ठेवले आहे. ज्या नागपुरात त्यांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा घेतली, त्याच नागपुरात १९७० मध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. युरोप-अमेरिकेतून आलेले पंथभेद मिटवण्यासाठी चाळीस वर्षे वाटाघाटी झाल्या. गावकुसाशी जन्मलेल्या भेदावर तेवढ्याच चिकाटीने कधी बैठक बसली काय?

चर्चच्या या मौनाचा लाभ राज्यसंस्थेने घेतला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात सामावून घेतले. ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून ख्रिस्ती दलितास सवलत नाही, असा युक्तिवाद केला जातो. जात तर शीख धर्मातही मान्य नाही आणि बुद्धाच्या धम्मातही नाही. तेथे समाजाकडे पाहायचे आणि येथे तेवढा धर्मग्रंथ उघडायचा, ही दुटप्पी रीत आहे. धर्मांतरानंतरही जातीची झळ तितकीच तीव्र राहते हे दाखवून द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सुसाई खटल्यात म्हटले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. त्यानंतरही २०२२ मध्ये या प्रश्नावर नवा आयोग नेमण्यात आला. दरम्यान पुष्कळांनी मंडळीच्या वहीत एक ओळख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, अशी आयुष्ये काढली. त्यांना लबाड म्हणणे सोपे आहे. ही लबाडी त्यांच्यावर लादणाऱ्या व्यवस्थेला नाव देणे अवघड जाते.

तेव्हा मागणे तिघांकडे आहे. वाङ्मयेतिहासकारांनी या लेखकांना त्यांच्या श्रद्धेसह वाचावे. मंडळीने आपल्या घरातील जात आधी मान्य करावी आणि मग तिच्याशी झगडावे. राज्याने माणसाचे दुःख मोजताना त्याची प्रार्थना विचारू नये. या तिन्ही गोष्टी घडतील तेव्हा ‘बाटणे’ हा शब्द कोशात जुन्या नाण्यासारखा पडून राहील. तोवर तो चलनात आहे, आणि त्याची किंमत ज्यांच्याजवळ कधीच सोवळे नव्हते, तीच माणसे मोजत आहेत.