पाड्यावरच्या मुलाची पहिली भाषा

पहिलीपासून हिंदी शिकवावी का, यावरून २०२५ साली महाराष्ट्रात रान पेटलं आणि एप्रिलमधला शासननिर्णय जूनअखेरीस मागे घ्यावा लागला. मराठीची बाजू घेणारे बरोबर होते. लहान मुलाचं शिक्षण घरच्या भाषेत व्हावं, हाच त्यांचा मुद्दा. पण तो मेळघाटातल्या कोरकू आणि भामरागडच्या माडिया मुलालाही लागू पडतो. त्याला शाळेत भेटणारी पहिली परकी भाषा मराठीच असते. त्यात २००० सालापासून पहिलीत इंग्रजीही आहे.

शाळा आणि घर यांच्यातल्या अंतराचा हा पेच बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ऐंशी वर्षांपूर्वी जवळून पाहिला. १९४५ मध्ये त्या बोर्डी या खेड्यात आल्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ वस्तीत गेल्या, मुलांना न्हाऊमाखू घातलं, त्यांच्याच अंगणात वर्ग भरवला. १९५७ मध्ये काम कोसबाडला वारली आदिवासींमध्ये गेलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. मुलाने शाळेसाठी बदलायचं नाही, शाळेने मुलाकडे जायचं, ही त्यामागची दृष्टी होती.

१९७५ पासून सरकारी योजनेने अंगणवाडी देशभर नेली. भाषेपुरती मात्र ही दृष्टी अर्ध्यावरच राहिली. सेविका बहुधा गावचीच असल्यामुळे अंगणवाडीत मूल निदान मोकळेपणाने बोलतं. खरी तुटातूट पहिलीत होते. बदलीवर आलेल्या गुरुजींना त्याचं बोलणं कळत नाही, त्याला गुरुजींचं. अक्षरं जुळवून ते धडा घडाघडा वाचतं, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. आपण त्याला ‘कच्चं’ म्हणून मोकळे होतो.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम ३५०-क १९५६ पासून सांगतं. तरी गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेला गोंडी माध्यमाची शाळा २०१९ मध्ये स्वतःच काढावी लागली.

दोन भाषा लहान मुलाला जड जात नाहीत. गोष्ट आधी कोरकूत ऐकावी, मग तीच चित्रं दाखवत मराठीत. बोलणं रुळलं की लिहिणं. त्यासाठी पहिली-दुसरीच्या वर्गावर मुलांची भाषा बोलणारा शिक्षक हवा. आदिवासी तालुक्यांतल्या शिक्षकभरतीत आणि बदल्यांत ही अट सरकारने याच वर्षी घालावी.