मुकाट्याने वाढणारा रक्तदाब

“मला काहीच होत नाही; मग रक्तदाब कशाला मोजावयाचा?” असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनात येत असेल. परंतु या विकारात बहुधा काहीच जाणवत नाही, आणि खरा धोका आहे तो यातच.

आपले हृदय आपल्या मुठीएवढे असते. विश्रांतीच्या वेळीही ते मिनिटाला सुमारे ७० ठोके देते व तेवढ्या अवधीत साधारणतः ५ लिटर रक्त पुढे लोटते. या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर जो रेटा पडतो, तोच रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. ते सैल पडते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. प्रौढ माणसात १२०/८० च्या आसपासचा दाब ठीक समजतात. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांहून कमी येत नसेल, तर तो उच्च रक्तदाब होय.

हा वाढीव रेटा वर्षानुवर्षे सोसून धमन्या ताठर होतात, हृदयाचा स्नायू जाड होतो आणि मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांना इजा पोचते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला होता. त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. जे औषध तेव्हा राष्ट्राध्यक्षालाही मिळाले नाही, ते आज सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आहे. असे असूनही आकडा उतरला की रोग गेला असे समजून कित्येक जण गोळ्या सोडून देतात. वास्तविक तो आकडा गोळ्यांमुळेच उतरलेला असतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध कधीही बंद करू नये.

दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू वर्ज्य करावी. लघवीला जाऊन यावे. मग पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा व मोजताना बोलू नये. थोड्या वेळाने पुन्हा एकदा मोजावे.

गृहिणींनी एवढे ध्यानी धरावे, की माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. त्यात लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही आलेच. तंबाखू सोडणे आणि आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे, हे उपाय तर बिनखर्चाचे आहेत.

तेव्हा वाचकहो, घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा रक्तदाब जवळच्या आरोग्य केंद्रात मोजवून घ्या आणि आकडा तारखेसह वहीत टिपून ठेवा. ज्यांना काहीच होत नाही, त्यांना आधी न्या.