उजळ त्वचेचं सीरम : मुलींना काय सांगाल?

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर भर उन्हात बोंबील वाळत घालणाऱ्या घरांतल्या मुलींनाही आता रोज 'चेहरा उजळवणारं' सीरम हवंय. नुसतं ओरडू नका. आधी समजून घ्या, मग समजावा.

आपला रंग मुख्यतः मेलॅनिनमुळे ठरतो, आणि तेच उन्हापासून त्वचेला जपतं. नायसिनामाइड किंवा व्हिटॅमिन सी असलेल्या सीरमने डाग काही आठवड्यांनी थोडे फिके होऊ शकतात. मूळ रंग बदलत नाही. सनस्क्रीन न लावता किनाऱ्यावर फिरलं, तर सीरमचे पैसे पाण्यातच!

खरा धोका आहे लेबल नसलेल्या, झटपट गोरेपणाचं वचन देणाऱ्या डब्यांचा. अकोल्याची एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीमने इजा झाली. मुंबईच्या केईएममधल्या तपासणीत त्यात पारा निघाला. ही बातमी २०२३ची. आपल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून घटक, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, मुदत हे सारं मुलींकडूनच वाचून घ्या. विज्ञानाचा धडाच होईल की!

आणि "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" हे घराघरांतलं वाक्य? त्याऐवजी "उन्हात जातेस, टोपी घाल" म्हणा. स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत रंग पाहून मुली निवडणंही थांबवा. मग सीरम हवं की नको, हे त्या शांतपणे ठरवतील.