जुनंच हवं? मग लॉगइन करा!

2001 साली आलेला 'रूनस्केप' हा ऑनलाइन गेम आता चांगलाच म्हातारा झालाय. त्याच्यावरून होणारी भांडणं मात्र अजून तरुण! 'जुनाच हवा' असा खेळाडूंनी धोशा लावला, मतदान झालं आणि 2013 साली जॅगेक्स कंपनीने 2007ची जपलेली प्रत 'ओल्ड स्कूल' म्हणून परत आणली. त्यात नवं काही टाकायचं तर खेळाडूंची 75 टक्के मतं हवीत, असा नियम होता. 2022मध्ये तो 70 टक्क्यांवर आला.

परवा किहीमला सुरूच्या सावलीत आमच्या शाळेच्या ग्रुपमध्ये हाच वाद रंगला. एक म्हणाला, "हात लावू नका रे त्याला!" दुसरी म्हणाली, "नवं काही नाही आलं, तर नवे लोक कशाला येतील?" मी विचारलं, शेवटचं कोण कधी खेळलं? सगळे गप्प! गेमच्या मित्रयादीत आम्ही पाचही जण लाल अक्षरांत, म्हणजे ऑफलाइन.

वर्षातून एकदा बोटीने मांडव्याला उतरून 'किहीम पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणणारेही आपणच की! गेम काय, गाव काय, जे रोज तिथे असतात त्यांना ठरवू द्या. बदल नकोच असेल तर बॉस, आधी लॉगइन करा.