ज्येष्ठांच्या संकुलात रहिवाशांच्या शब्दाला वजन हवे

केवळ ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधलेली गृहसंकुले आता महाराष्ट्राला नवीन राहिलेली नाहीत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुणे आणि परिसरात ती उभी राहिली, कर्जत-नेरळच्या पट्ट्यात आली आणि आता इतर शहरांतही येत आहेत. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात साठीच्या पुढचे लोक १ कोटी ११ लाखांच्या घरात होते, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के. हे प्रमाण वाढतच जाणार आहे. मुले परगावी किंवा परदेशी, घरी दोघेच किंवा एकटेच, अशा कुटुंबांसाठी ही संकुले मोठा आधार आहेत. घर पाहायला गेल्यावर बाग, योगवर्ग, भोजनगृह, दवाखाना, दाराशी उभी असलेली रुग्णवाहिका हे सगळे दाखवले जाते. पण एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. उद्या जेवणाचे दर वाढले, रात्रपाळीची परिचारिका बंद झाली किंवा सेवा देणारी कंपनीच बदलली, तर इथे राहणाऱ्यांचे म्हणणे कोण आणि कशाच्या बळावर मांडणार? माझ्या मते याचे उत्तर एकच आहे: रहिवाशांनी निवडलेली, कायद्याने मान्य केलेली, हिशेब पाहण्याचा आणि लेखी उत्तर मागण्याचा अधिकार असलेली रहिवासी समिती. कोजागरी, दिवाळी पहाट आणि वाढदिवस साजरे करणारी समिती हवीच. पण तेवढ्यावर तिचे काम संपत नाही.

साध्या सोसायटीत घर एकाचे आणि सेवा दहाजणांच्या असतात. दूधवाला नीट येत नसेल तर बदलता येतो, स्वयंपाकाच्या बाईंशी पटले नाही तर दुसऱ्या शोधता येतात, डॉक्टरही आपल्या पसंतीचा. ज्येष्ठांच्या संकुलात मात्र जेवण, साफसफाई, सुरक्षा, आजारपणातली देखभाल आणि कधीकधी औषधेसुद्धा एकाच व्यवस्थापनाच्या हातून येतात. शिवाय अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जुना फ्लॅट विकून, आयुष्याची पुंजी गुंतवून इथे आलेल्या माणसाला पुन्हा सामान बांधणे जवळपास अशक्य असते. न आवडलेले दुकान सोडून जाणे हे ग्राहकाच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार, आणि नेमके तेच इथे त्याच्याकडे उरत नाही. जिथून निघून जाता येत नाही, तिथे बोलता तरी आले पाहिजे. आणि एकट्या, थकलेल्या माणसाचे बोलणे तक्रारवहीत पडून राहते. त्याला वजन येते ते दीडशे घरांच्या वतीने कुणी बोलले की.

‘सोसायटी आहे ना, मग वेगळी समिती कशाला?’ असे कुणी म्हणेल. सहकारी गृहनिर्माणाची आपली परंपरा खरोखर मोठी आहे. १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे, गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये त्यात स्वतंत्र प्रकरण आले, दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, लेखापरीक्षण होते. पण हा कायदा ओळखतो तो सदस्याला, म्हणजे घराच्या मालकाला. ज्येष्ठांच्या संकुलात राहणारा आणि मालक हे अनेकदा दोन वेगळे लोक असतात. फ्लॅट न्यू जर्सीतल्या मुलाच्या नावावर, राहते ती आई. कायद्यानुसार तिला सहयोगी सदस्य होता येते, पण मुलाच्या लेखी शिफारशीने आणि त्याच्या संमतीच्या मर्यादेत. ज्या संकुलांत घर विकत न देता ठेव घेऊन किंवा मासिक भाड्याने दिले जाते, तिथे तर रहिवाशांची सोसायटी होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि जिथे सोसायटी आहे, तिथेही जेवणाचा आणि देखभालीचा करार बहुधा वेगळ्या कंपनीशी असतो. त्या कंपनीचे हिशेब सोसायटीच्या लेखापरीक्षणात येत नाहीत. म्हणजे लिफ्टच्या दुरुस्तीवर मालकाला मत आहे, पण ताटातल्या जेवणावर ते जेवणाऱ्याला नाही.

नियामक यंत्रणेने या क्षेत्राकडे लक्ष दिलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यात विकासक, सेवा पुरवठादार आणि घर घेणारा यांच्यातल्या त्रिपक्षीय कराराची कल्पना मांडली. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी लिफ्ट, उतार, व्हीलचेअर सहज जाईल असे रुंद दरवाजे असे किमान निकष ठरवून दिले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण दरवाजा ९०० मिलिमीटर रुंद असला, तरी त्या दरवाजातून रात्री दोन वाजता मदतीला कोण येणार, हे निकष सांगत नाहीत. रेरा कायद्याचा भर घर बांधून ताब्यात देण्यावर आहे. बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी तो विकासकावर टाकतो. ज्येष्ठांचा खरा संसार मात्र ताबा मिळाल्यानंतर सुरू होतो आणि तो पंधरा-वीस वर्षे चालतो. त्या वर्षांवर देखरेख ठेवणारे आज कुणी नाही.

समिती नेमके काय करते, हे दोन साध्या कागदांवरून समजून घेता येईल. पहिला कागद मासिक देखभालीच्या बिलाचा. त्यावर सहसा एकच आकडा असतो. समितीने त्याची फोड मागितली की सुरक्षारक्षक, सफाई, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, जनरेटरचे डिझेल, परिचारिकांचे पगार, रुग्णवाहिका आणि शेवटी व्यवस्थापनाचा स्वतःचा टक्का अशा ओळी उलगडतात. दरवाढ पगारवाढीमुळे झाली असेल तर बहुतेक रहिवासी ती खुशीने मान्य करतात. रिकाम्या, न विकलेल्या घरांचा खर्च राहणाऱ्यांवर पडत असेल, तर तो प्रश्न विचारायलाच हवा. दुसरा कागद आपत्कालीन घंटेच्या नोंदवहीचा. न्हाणीघरात पडलेल्या माणसाने दोरी ओढली किती वाजता, दाराशी कुणी पोचले किती वाजता, हे दोन रकाने महिन्यातून एकदा समितीने वाचले, तर रात्रपाळीला माणसे पुरेशी आहेत की नाहीत, हे आपोआप कळते. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही, वही उघडून दाखवण्याचे बंधन लागते. निवृत्त बँक अधिकारी, मुख्याध्यापिका, अभियंते, लेखापरीक्षक अशी माणसे या संकुलांत असतात. हे कागद वाचणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

ज्या देशांत अशी संकुले जुनी आहेत, तिथे कायद्याने हा विचार केव्हाच केला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९९९च्या निवृत्तिग्राम कायद्यात रहिवाशांना आपली समिती निवडण्याचा हक्क आहे. संकुल चालवणाऱ्याला तिचे सदस्य होता येत नाही. वार्षिक अंदाजपत्रक रहिवाशांपुढे ठेवावे लागते, महागाईच्या निर्देशांकापेक्षा जास्त दरवाढ करायची तर त्यांची संमती लागते आणि मतभेद मिटले नाहीत तर न्यायाधिकरण निवाडा देते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने थोडी वेगळी वाट धरली. तिथल्या निरंतर देखभाल संकुलांत रहिवाशांनी निवडलेल्या परिषदेची तरतूद आहे, व्यवस्थापनाला दर तिमाहीला रहिवाशांसोबत बैठक घ्यावी लागते आणि मासिक शुल्क वाढवण्याआधी अशा बैठकीत कारणे सांगावी लागतात. एका ठिकाणी संमती, दुसऱ्या ठिकाणी स्पष्टीकरण. आपल्याकडे संमतीची पद्धत लगेच पेलणार नसेल, तर निदान स्पष्टीकरणापासून सुरुवात करायला काहीच अडचण नाही.

हा केवळ पैशांचा प्रश्नही नाही. अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये कनेटिकटमधल्या एका शुश्रूषागृहात केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या ज्येष्ठांना छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले गेले. दुसऱ्या मजल्यावर ‘तुमची काळजी आम्ही घेऊ’ असे सांगितले गेले. निर्णय घेणारे अधिक उत्साही आणि सक्रिय राहिले. दीड वर्षानंतर त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण १५ टक्के, तर दुसऱ्या गटातले ३० टक्के आढळले. सहभागी शंभराहून कमी होते, त्यामुळे मृत्यूच्या आकड्यांवर मोठी इमारत रचू नये. पण रिचर्ड शुल्झ यांनी त्याच सुमारास केलेला अभ्यास यासोबत वाचण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी भेटायला कधी यायचे आणि किती वेळ थांबायचे, हे ज्या ज्येष्ठांना ठरवता येत होते, त्यांची तब्येत आणि उमेद सुधारली. मात्र भेटी बंद पडल्यावर त्यांचीच घसरण अधिक झाली. यातून समित्यांसाठी एक धडा निघतो. अधिकार देऊन व्यवस्थापनाच्या मर्जीने काढून घेणे हे न देण्यापेक्षाही वाईट असू शकते. म्हणून समितीचा पाया व्यवस्थापकाच्या सौजन्यावर नको, नियमावर हवा.

यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा, की लोक इथे निवांतपणासाठी येतात. उतारवयात सभा, ठराव आणि वादावादी कशाला? काहींना ती नकोच असते आणि तो त्यांचा हक्क आहे. पण गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा राज्यस्तरीय महासंघ ‘फेस्कॉम’ वर्षानुवर्षे ज्येष्ठच चालवत आले आहेत. वय झाले म्हणजे सार्वजनिक कामाची हौस आटते, हे आपल्याकडच्या अनुभवाशी जुळत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: समित्यांत गट पडतात, दोन-चार मोठ्या आवाजाची माणसे वर्षानुवर्षे खुर्ची सोडत नाहीत. सोसायट्यांमध्ये हे सर्रास घडते. त्यावर उपाय म्हणजे मुदत, गुप्त मतदान, सलग दोन वेळांनंतर सक्तीची विश्रांती आणि इतिवृत्त सर्वांच्या पाहण्यात ठेवणे. समितीच नसली म्हणून कुरबुरी थांबत नाहीत. त्या भोजनगृहात आणि जिन्यात चालू राहतात, फक्त त्यांना उत्तर देण्याचे बंधन कुणावर उरत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र व्यवस्थापनाकडून नाही, रहिवाशांच्याच रचनेतून येतो. अशा संकुलात पासष्टीचे धडधाकट लोक असतात आणि पंच्याऐंशीचे अंथरुणाला खिळलेलेही. सभेला येतात, निवडून येतात ते पहिले. त्यांना शुल्क कमी हवे असते. रात्रीची परिचारिका, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वेगळे मदतनीस, सावकाश बंद होणारे लिफ्टचे दार यांची किंमत त्यांना अनाठायी वाटू शकते. बहुमताच्या नावाखाली दुर्बलांच्या सेवा कापल्या गेल्या, तर समितीच अन्यायाचे साधन ठरेल. हे टाळायचे तर दोन गोष्टी पक्क्या हव्यात. सुरक्षा, अग्निशमन, औषधोपचार आणि किमान परिचारिका हे विषय मतदानाबाहेर ठेवावेत. तिथे तज्ज्ञांचा आणि नियमांचाच शब्द शेवटचा. आणि समितीत किमान एक सदस्य खोलीबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी राखीव असावा. त्याने दर महिन्याला अशा प्रत्येक घरी जाऊन यावे आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. जो सभेला येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत सभा गेली पाहिजे. या कसोटीला न उतरणारी समिती रहिवाशांची म्हणता येणार नाही.

ग्राहक आयोग आणि रेराची दारे उघडी असताना आणखी यंत्रणा का, असेही विचारले जाते. ती दारे नुकसान झाल्यावर ठोठवायची असतात, आणि ऐंशीतल्या माणसाने तारखांमागून तारखा घेत लढायचे, ही अपेक्षा रास्त नाही. डाळ पातळ झाली, जेवणाची वेळ कर्मचाऱ्यांच्या सोयीने तासभर अलीकडे आली आणि मधुमेहींचे वेळापत्रक बिघडले, या गोष्टी आयोगापुढे नेण्याजोग्या नसतात. पण रोजचे जगणे त्यांनीच बनते. समिती हे प्रश्न महिन्याच्या बैठकीत सोडवू शकते. प्रामाणिक व्यवस्थापनालाही त्यात फायदाच आहे: शंभर फोन घेण्याऐवजी एका ठिकाणी बोलता येते, आणि कारणे समजलेली दरवाढ कमी कटुतेने स्वीकारली जाते.

तेव्हा राज्य सरकारने आणि महारेराने पुढचे पाऊल उचलावे. ज्येष्ठांच्या प्रत्येक संकुलात, मालकी असो, ठेव असो वा भाडे, प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी निवडलेली समिती बंधनकारक करावी. करारातच तिचे चार अधिकार लिहावेत: सेवांच्या खर्चाची वार्षिक फोड, दरवाढीपूर्वी बैठक आणि लेखी कारणे, आपत्कालीन नोंदी पाहण्याची मुभा आणि लेखी प्रश्नाला ठरावीक मुदतीत उत्तर. जिथे वाद मिटत नाही, तिथे जलद निवाड्याची सोय करावी. कायदा होईपर्यंत घर पाहायला जाणाऱ्या आईवडिलांनी आणि परदेशातून पैसे पाठवणाऱ्या मुलामुलींनी बुकिंगच्या टेबलावर एवढे तरी विचारावे: इथे रहिवाशांची समिती आहे का, तिची निवडणूक कधी झाली, आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त दाखवता का? जे व्यवस्थापन हे दाखवायला कचरते, त्याच्याकडे आयुष्याची पुंजी ठेवू नये.