पाच मिनिटांची दुर्बीण

राजुरीहून खोडद फार लांब नाही. तिथल्या परिसरात पसरलेल्या जीएमआरटीच्या 30 अँटेना ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी जमिनीवरूनच टिपतात, कारण त्या हवेतून आरपार येतात. अतिनील किरणांचे तसे नाही. त्यांतले सर्वांत घातक किरण ऑक्सिजन आणि ओझोन वरच अडवतात. म्हणून उन्हात कांदा काढणाऱ्याची कातडी वाचते. खगोलशास्त्रज्ञाची मात्र पंचाईत होते.

विशेषतः तप्त श्वेत बटूंच्या बाबतीत. सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर बाहेरचे थर टाकून देतो. मागे उरतो तो पृथ्वीएवढा, अतिशय घट्ट गाभा. हाच श्वेत बटू. आपल्या सूर्याचेही एक दिवस हेच होणार आहे. सुरुवातीला हा गाभा इतका तापलेला असतो, की त्याचा बहुतेक प्रकाश अतिनीलच असतो. ताऱ्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे त्या प्रकाशाच्या वर्णपटातून कळते.

तो मिळवायचा तर हवेच्या वर जावे लागते. पण त्यासाठी दर वेळी उपग्रहच लागतो असे नाही. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोहून उडालेल्या एका साउंडिंग रॉकेटमधील ‘जे-पेक्स’ या वर्णपटमापकाने जी191-बी2बी या श्वेत बटूकडे जेमतेम पाच मिनिटे पाहिले. तेवढ्यात त्याच्या प्रकाशात हेलियमच्या खुणा सापडल्या.

भारताला हे अशक्य नाही. 2015 मध्ये सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरील अतिनील दुर्बिणीच्या उभारणीत पुण्याच्या ‘आयुका’चा वाटा होता, त्या दुर्बिणीचे मोजमापही एचझेड-4 या श्वेत बटूवरून पक्के केले गेले. इस्रोचे आरएच-560 हे रॉकेट सुमारे 100 किलोची उपकरणे शेकडो किलोमीटर उंच नेते. मात्र अशी उड्डाणे मुख्यतः वातावरणाच्या अभ्यासासाठीच होतात.

त्यांतली काही ताऱ्यांसाठी राखून ठेवावीत. ताऱ्यावर नेम स्थिर धरणे आणि समुद्रात पडलेले उपकरण परत मिळवणे सोपे नाही, हा आक्षेप खरा आहे. पण उपग्रहाला दहा-दहा वर्षे लागतात. तोवर विद्यार्थ्याचे शिक्षण संपून जाते. छोटे उपकरण मात्र तो स्वतः बांधू शकतो, बिघडले तर कारण शोधू शकतो आणि पुन्हा उडवू शकतो. जीएमआरटीच्या तबकड्या पाहत वाढणाऱ्या जुन्नरच्या मुलांना आकाशाची ही दुसरी खिडकीही उघडी मिळायला हवी.