सोंग घ्यायचे की हिशेब मांडायचा?

शब्बाथ सुटल्यावर माझा नातू संगणकासमोर बसला. खेळ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. त्यात तो जखमींना बरे करणाऱ्या वैद्याचे सोंग घेतो. आजीचा पेशा नातवाने उचलला म्हणून मला कौतुक वाटले. पण थोड्याच वेळात गटाने त्याला काढून टाकले. त्याच्या हातून कोणी दगावले होते काय? मुळीच नाही. मात्र कोणी सेकंदाला किती घाव घातले, किती जखमा भरल्या, याचा एक तक्ता असतो. त्यात त्याचा आकडा खाली होता!

वाचकहो, याला सोंगाचा खेळ म्हणायचे की पेढीवरची खतावणी?

हिशेबी खेळाडू म्हणतात, आकड्यांवाचून खेळ कसला? कबूल. हा खेळ फौजांच्या लढाईच्या खेळातूनच निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत आला तेव्हाही फासे होतेच. पण वार लागला की हुकला, एवढे फाशाने सांगायचे. पुढे काय घडले ते टेबलाशी बसलेला माणूस सांगे. संगणकाने फासे उत्तम टाकले. कथा मात्र आता बटण दाबून ओलांडायची अडचण झाली आहे.

मी जन्मभर रुग्णांचे ताप आणि नाडी लिहीत आले. त्या तक्त्यावाचून रोगी हातचा जातो, हे मला कोणी शिकवायला नको. पण जी नर्स नुसता तक्ता वाचते आणि रोग्याच्या तोंडाकडे पाहत नाही, तिला मी नर्स म्हणणार नाही.

याच खेळात सप्टेंबर २००५ मध्ये एक साथ पसरली. एका राक्षसाचा रोग पाळीव जनावरांबरोबर शहरांत शिरला आणि नवखे खेळाडू पटापट मरू लागले. कोणी पळाले, कोणी मुद्दाम रोग पसरवला, तर कोणी गुण मिळणार नसतानाही अनोळखी लोकांना बरे करीत राहिले. पुढे साथरोगाच्या अभ्यासकांनी त्यावर लेख लिहिले, ते माणसे कशी वागली यासाठी! त्या दिवशी तक्त्यात पहिला कोण होता, हे आज कोण विचारतो?

आमच्या कीर्तनात योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात, तेव्हा पुढचे सर्वांना ठाऊक असूनही बायका डोळ्यांना पदर लावतात. कथेचे बळ ते हे.

म्हणून आजी-आजोबांनो, नातवंडांवर नुसते रागावू नका. "कितव्या पायरीवर पोचलास?" असेही विचारू नका. "तू तिथे कोण आहेस? कुठून आलास? कोणासाठी लढतोस?" असे विचारा. उत्तर देता आले नाही, तर त्याला खेळ बदलायला सांगा. माझ्या नातवाला मी तेच सांगितले आहे.